तेवीस नग

वासोट्याला जायचं ठरलं तेव्हा मला तीन गोष्टींची धास्ती होती. माझे गुडघे, कोयनेच्या रानातलं अस्वल आणि आमचा कॅशियर.

गुडघे 57 वर्षांचे आहेत. डॉक्टरांनी "चालत जा" एवढंच सांगितलं होतं. कुठे ते सांगितलं नव्हतं, आणि त्या फटीतून मी वासोटा आत घेतला. अस्वलाचं म्हणाल तर ते बिचारं आपल्या कामात असतं. पण कॅशियर रिकामा आहे.

कॅशियर हा शब्द मी नावासारखा वापरतो, कारण आमची सगळी आळी तोच वापरते. त्याची बायकोसुद्धा. 34 वर्षं बँकेत काचेआड बसून त्याने लोकांचे पैसे मोजले. निवृत्त झाल्यावर काच गेली, मोजणं राहिलं. देवळात गेला की पायऱ्या मोजतो. लग्नात पंगत बसली की समोरच्या रांगेतली पानं मोजून झाल्याशिवाय वरणभाताला हात लावत नाही. एकदा एका घरी गुरुजींनी विष्णुसहस्रनाम जरा घाईत आटपलं, तर हा बाहेर येऊन माझ्या कानात म्हणाला, "हजार भरली नाहीत."

तिसरा माझा भाचा. वय 26. त्याच्या मनगटावर एक घड्याळ असतं. ते पावलं मोजतं, छातीचे ठोके मोजतं, रात्री झोपही मोजतं. म्हणजे एक मोजणारा बाहेरून आणि एक आतून, मधे मी.

साताऱ्याहून पहाटे साडेपाचला निघालो. कासचं पठार वाटेतच लागतं. सप्टेंबरात तिथल्या फुलांसाठी माणसं तिकीट काढून रांगा लावतात. पश्चिम घाटातल्या ज्या जागा 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यांत कास आहे आणि आम्ही जात होतो ते कोयनेचं अभयारण्यही. पण जानेवारीत पठारावर नुसतं पिवळं गवत होतं. फुलं नसलेला वारसा बघायला कोणी थांबत नाही. आम्हीही थांबलो नाही.

बामणोलीला पोचलो तर जलाशयावर वाफ धरलेली. वासोट्याला जायचं म्हणजे आधी वनखात्याचा परवाना काढायचा, मग बोट. बोटीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. हे कळल्यावर कॅशियरने मनातल्या मनात भागाकार केला, तिघांत तो त्याला परवडला नाही, आणि पाचच मिनिटांत तो कॉलेजची चार मुलं धरून घेऊन आला. "सात झाले," तो म्हणाला. मुलांना आपण कुणाच्या भागाकारात आलो आहोत याचा पत्ता नव्हता. ती त्याला 'काका, थँक्यू' म्हणत होती.

शिवसागर जलाशयातून तास-दीड तास बोट जाते. इंजिनाच्या आवाजात बोलता येत नाही, त्यामुळे माणूस बघत बसतो. दोन्ही काठांना डोंगर पाण्यात उतरलेले, आणि ते नीट निरखले की लक्षात येतं, हे तलावाचे काठ नव्हेत. हे डोंगरांचे अर्धे आहेत, खालचा अर्धा पाण्यात आहे. कोयनेचं धरण झालं 1960च्या दशकात, आणि ही सगळी दरी तेव्हा भरली. बोटवाल्याने मधेच एका जागी हात केला आणि, एसटीचा कंडक्टर थांबा सांगतो तशा आवाजात, म्हणाला, "हितं खाली आमचं आजोळ हाय." कॅशियरने पाण्याकडे बघितलं. त्यानंतर बराच वेळ त्याने काही मोजलं नाही.

थोड्या वेळाने बोटवाल्याने समोर बोट दाखवलं. "त्यो वासोटा."

दिसला. काळा कातळ, वर सपाट, खाली गळ्यापर्यंत रान गुंडाळून बसलेला. थंडीत म्हातारा माणूस घोंगडी ओढून ओट्यावर बसावा तसा. त्या दिवशी वासोटा मला पायथ्यावरून दिसला तो एवढाच, कारण एकदा काठाला उतरलं आणि झाडांत शिरलं की डोंगर नाहीसा होतो. इतर गडांवर चढताना शिखर सारखं डोक्यावर असतं, ते जवळ येत नाही म्हणून आपण चिडतो. इथे चिडायलाही समोर कोणी नसतं.

"पाचाच्या आत बोटीत या," बोटवाला म्हणाला. "रानात ऱ्हायची परवानगी न्हाय." आणि माझ्या गुडघ्यांकडे एकवार बघून त्याने बोटीतली एक काठी काढून दिली. भाच्याकडे घडी घालून पिशवीत मावणाऱ्या दोन काठ्या होत्या. त्या त्याने मला देऊ केल्या होत्या, पण मला त्या छत्रीच्या दांड्यासारख्या वाटत होत्या. बोटवाल्याची काठी काठीसारखी होती.

काठावर वनखात्याची चौकी आहे. इथे मेट इंदवली नावाचं गाव होतं. आता गाव नाही, चौकी आहे. तिथल्या माणसाने परवाना बघितला, वही उघडली आणि म्हणाला, "पिशव्या रिकाम्या करा."

मला वाटलं दारू बघतोय. तीही बघत असेलच. पण त्याला हवं होतं प्लास्टिक. वर जाताना प्रत्येकाकडे प्लास्टिकच्या किती वस्तू आहेत हे तो मोजून वहीत लिहितो, अनामत ठेवून घेतो, आणि उतरल्यावर तेवढ्याच वस्तू परत दाखवल्या की अनामत परत. कमी भरल्या तर गेली.

कॅशियरच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्याच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. त्याने बाह्या सरसावल्या.

आता माझ्या पिशवीबद्दल सांगायला हवं. ती मी भरलेली नव्हती, बायकोने भरली होती. दशम्या सुटू नयेत म्हणून पिशवीत, पिशवीला तेल लागेल म्हणून ती दुसऱ्या पिशवीत. शेंगदाण्याची चटणी वेगळ्या पिशवीत, तीही दुहेरी. भडंगाची एक, संत्र्यांची एक, सालांसाठी एक रिकामी आणि "असू दे" म्हणून आणखी एक रिकामी. आमच्या घरात पिशवी टाकून द्यायची पद्धत नाही. गादीखाली घड्या घालून ठेवलेल्या पिशव्यांवर आमची एक अख्खी पिढी झोपून मोठी झाली आहे. त्या दिवशी त्यातल्या आठ जणी पहिल्यांदा घराबाहेर पडल्या होत्या.

चौकीवाला उचलून बाजूला ठेवत मोजत होता. दशम्यांपाशी आला. "ह्ये दोन नग."

"एक," कॅशियर म्हणाला.

"पिशवीत पिशवी हाय की."

"आतली बाहेर काढली तर दोन. आत आहे तोवर एकच."

"खाताना काढनारच की तुमी."

कॅशियर गप्प झाला. मोजण्याच्या बाबतीत तो कुणासमोर हरलेला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

मग कंदी पेढ्यांचा डबा. हा आम्ही बोटीच्या प्रवासात उघडून थोडा हलका केला होता. "डबा घरचा आहे," मी म्हटलं. "हा कचरा नाही, परत न्यायचाय."

"साहेब, समदे परत न्यायलाच आणत्यात," तो म्हणाला. या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

शेवटी कॅशियरने मोठ्याने बेरीज केली. पाण्याच्या बाटल्या 5, बिस्किटांचे पुडे 4, चिक्कीची पाकिटं 3, पिशव्या 8, सरबताच्या पुड्या 2, डबा 1. एकूण 23. चौकीवाल्याने वहीत प्रकारांना फाटा देऊन नुसतं '23 नग' लिहिलं. कॅशियरला ते पटलं नाही. "तपशील हवा," तो म्हणाला. चौकीवाल्याने मागे उभ्या असलेल्या रांगेकडे बघितलं. तपशील राहिला.

"आनखी काय हाय?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि ते अगदी मनापासून म्हटलं.

चौकीच्या पुढे लगेच रान सुरू होतं. सुरू होतं म्हणजे दार लोटून कुणाच्या माजघरात शिरावं तसं. बाहेर ऊन होतं ते आत नाही. थंडगार, आणि पालापाचोळ्याचा तो ओलसर वास. एक ओढा लागतो, त्याच्या आसपास मारुती आणि गणपती उघड्यावर आहेत. गावं उठली तेव्हा माणसं बऱ्याच देवांना घेऊन गेली असतील, पण रानात शिरणाऱ्याला नमस्कार करायला कोणीतरी लागतं. मी केला. गुडघ्यांच्या वतीनेही केला.

जांभूळ, अंजनी, हिरडा, उंबर, आणि नावं माहीत नसलेली त्याहून कितीतरी. वेली इतक्या जाड की त्यांना वेल म्हणायला संकोच वाटतो. मुळं वाटेवर आडवी, घरातल्या म्हाताऱ्याने मुद्दाम पाय पसरून बसावं तशी, आणि ती ओलांडताना आपणही नकळत वाकतो. पहिला अर्धा तास वाट बेताची चढते. त्या अर्ध्या तासात मी भाच्याला रानाविषयी बरंच सांगितलं. हे अभयारण्य आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं, तो 2010 साली झाला. पावसाळ्यात ही वाट बंद असते आणि इथल्या जळवा बुटाच्या नाडीच्या भोकातून आत जातात. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. त्यानंतर वाट उभी झाली आणि माझं ज्ञान संपलं. खरं तर श्वास संपला, पण भाच्याला ज्ञान संपल्यासारखंच वाटलं असणार.

चढावर माणूस बोलत नाही तेव्हा रान बोलायला लागतं, असं पुस्तकांत असतं. मला फक्त माझाच श्वास ऐकू येत होता, गिरणीच्या पट्ट्यासारखा. तो जरा बसला तेव्हा खालच्या अंगाला कुत्रा भुंकला. "इथे कुत्रं कुठून आलं?" कॅशियर म्हणाला. ते कुत्रं नव्हतं, भेकर होतं. ते असंच भुंकतं. मग वाटेवर गव्याचं शेण दिसलं, ताजं. तिघेही त्याभोवती गोल उभे राहिलो. आळीत गाईच्या शेणाला वळसा घालून जाणारी माणसं आम्ही, पण इथे आम्ही टोप्या काढल्या नाहीत एवढंच.

आम्ही पहिल्या बोटीचे, त्यामुळे वरून उतरणारं कोणी भेटत नव्हतं. याचा तोटा दुपारी कळला असता तर बरं, तो सकाळीच कळला. 'आलंच की, हे काय' असं खोटं सांगणारा माणूस चढणाऱ्याला फार लागतो. भाच्याचं घड्याळ खरं सांगत होतं. "मामा, तुमचे ठोके 142."

"घड्याळ तुझ्या हातात आहे," मी म्हटलं.

"मघाशी तुम्हाला बांधलं होतं ना, ते बघून सांगतोय."

एका दगडावर बसलो. काठी टेकली, घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात हात घातला, तर रुमालाऐवजी आवळासुपारीची पुडी हाताला लागली. ही कधी ठेवली? पण असे प्रश्न चढावर विचारायचे नसतात. चिमूटभर तोंडात टाकली आणि वर ओढ्याचं पाणी प्यालो. आवळ्यावर पाणी गोड लागतं हे लहानपणापासून माहीत आहे, पण इतकं गोड लागतं हे त्या दगडावर कळलं. पुडी फिरली, संपली, परत कप्प्यात गेली. भाच्याने विचारलं, "यात कॅलरी किती?" त्याला आम्ही दोघांनीही उत्तर दिलं नाही.

बसल्या बसल्या कॅशियरने वासोट्याचा इतिहास विचारला. इतिहास हा विषय असा आहे की तो बसून सांगता येतो, म्हणून मी तो ऐसपैस सांगितला. जावळी घेतल्यावर काही वर्षांनी, 1660 साली, हा गड शिवाजी महाराजांकडे आला. व्याघ्रगड हे नावही त्याला त्यांनीच दिलं असं सांगतात. पण या गडाचा खरा धंदा कैद्यांचा. चहूकडे असलं रान, पळणार कुठे? राजापूरच्या वखारीचे इंग्रज पकडले गेले तेव्हा त्यांतले काही इथे ठेवले होते. पुढे दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांच्या घरची माणसं इथे ठेवली, आणि दोन इंग्रज अधिकारीही. 1818 साली इंग्रजांनी गड घेतला तेव्हा ती सगळी सुटली.

"म्हणजे मोजून आत आणि मोजून बाहेर," कॅशियर म्हणाला. "वहीची पद्धत जुनीच आहे."

हे मला सुचलं नव्हतं. मी ताई तेलिणीकडे वळलो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंतप्रतिनिधींच्या बाजूने तिने हा गड धरला आणि पेशव्यांचा सेनापती बापू गोखले याला कित्येक महिने झुंजवलं. शेवटी गड गेला, पण लोकांनी ओवी रचली ती तेलिणीवर आणि खिल्ली उडवली ती जिंकणाऱ्या गोखल्याची. ती ओळ साताऱ्याकडे अजून तोंडात आहे. इथे ती छापत नाही, एखाद्या सातारकराला विचारा. तो आधी इकडेतिकडे बघेल, मग सांगेल.

"किती महिने?" कॅशियर म्हणाला.

"कित्येक."

"म्हणजे आकडा माहीत नाही."

उठलो.

शेवटचा टप्पा खडा आहे. झाडं अचानक खुजी होतात, कारवीच्या वाळक्या काठ्या लागतात, पाठीवर ऊन येतं. मग कातळातल्या पायऱ्या आणि पडक्या दरवाजाचे दोन अवशेष. पायऱ्या किती ते कॅशियरला विचारा, मी त्या मोजण्याच्या स्थितीत नव्हतो. वर आलं की समोर मारुती. त्याच्या देवळाला छप्पर नाही. एवढं वर येऊन तो उन्हात उभा, आणि आम्ही सावली शोधत. भाचा केव्हाच पोचून आमचे फोटो काढत होता. ते फोटो मी नंतर पाहिले. त्यांत एक काठी आहे आणि तिला लटकलेला एक सदरा.

आधी उजवीकडे महादेवाच्या देवळाशी गेलो आणि तिथून माचीच्या टोकाला.

इथे मला थोडं थांबायला हवं. खालपासून इथवर अडीच-तीन तास माणूस दहा पावलांपलीकडचं काही बघत नाही. मूळ, दगड, पान, पुढच्याची टाच. डोळ्यांना जवळचं बघायची सवय लागते. आणि मग टोकाला जमीन एकदम संपते. खाली कोकण. सरळ खाली, एका धारेत. चोरवणे गावाच्या बाजूचं रान, त्यापलीकडे खेडच्या अंगाचे डोंगर, रसाळगड-सुमारगडाची रांग. समोर नागेश्वरचा सुळका, ज्याच्या पोटात गुहेतला महादेव आहे आणि छतातून त्याच्यावर थेंब थेंब पाणी ठिबकतं. महाशिवरात्रीला माणसं कोकणातून हा कडा चढून त्याच्या दर्शनाला येतात. आपल्याकडे देव सोयीच्या जागी बसवायची पद्धत नाहीच.

एक घार गिरक्या घेत होती. तिची पाठ दिसत होती. घारीचं पोट जन्मभर बघितलं, पाठ तपकिरी असते आणि उन्हात तिला तांबूस झाक येते हे 57व्या वर्षी कळलं.

कोणी बोललं नाही. कॉलेजची मुलं मागून आली होती, तीही टोकाला येऊन गप्प झाली, आणि हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो, कारण बोटीत ती गप्प नव्हती.

महादेवाच्या देवळाच्या आडोशाला जेवायला बसलो. दशम्या, चटणी, भडंग, चिक्की. बाहेर काढलेल्या आतल्या पिशव्या आता खरोखरच स्वतंत्र झाल्या होत्या, म्हणजे चौकीवाल्याचा हिशोब बरोबर होता. वारा सुटला होता. कॅशियर सगळी रिकामी पाकिटं आणि पिशव्या एकावर एक रचून त्यांवर तळहात ठेवून जेवत होता, एका हाताने, काउंटरवर नोटांच्या थप्पीवर ठेवतात तसा. देवळाच्या जोत्याशी मला एक जुनं वेफर्सचं पाकीट दिसलं. उन्हाने रंग उडालेलं, आमचं नव्हे. मी ते उचललं, झटकलं आणि आमच्यातच ठेवलं. उचलताना मला स्वतःबद्दल जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कोणी बघतंय का म्हणून मी इकडेतिकडे बघितलं एवढं सांगतो. भाच्याने बघितलं, पण फोटो काढला नाही.

"डोंगराच्या किती रांगा दिसतात हो?" कॅशियर अचानक म्हणाला आणि उठला. टोकापाशी जाऊन बोट पुढे करून मोजायला लागला. जवळची काळी, मग निळी, मग फिकी निळी. "सहा. सात." मग बोट थांबलं. "ती आठवी आहे की ढग?" मी म्हटलं ढग. भाचा म्हणाला डोंगर. तिघे डोळ्यांवर हात धरून उभे. पाच-दहा मिनिटं गेली असतील. ठरलं नाही. कॅशियर परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर चुकचुकल्यासारखं काही नव्हतं, आणि याचंच मला नवल वाटलं. "सात-आठ," तो म्हणाला. त्याच्या तोंडून असा आकडा मी प्रथमच ऐकला.

मग सगळं पिशवीत कोंबलं आणि दुसऱ्या टोकाला बाबुकड्यावर गेलो. वाटेत पाण्याचं टाकं आहे, पाणी गार. बाबुकडा हा आत वळलेला प्रचंड कडा. हरिश्चंद्रगडचा कोकणकडा पाहिलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. पलीकडे जुना वासोटा. तिथे आता वाट नाही म्हणतात, रानच आहे. मला तो जास्त आवडला. कदाचित तिथे जायचं नव्हतं म्हणून.

उतरण्याबद्दल लिहीत नाही. गुडघ्यांनी त्याबद्दल मला स्वतंत्रपणे बरंच ऐकवलं आहे. एवढंच सांगतो की चढणारी दोन टोळकी भेटली, दोघांनीही विचारलं, आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, "आलंच की, हे काय." सकाळी ज्याला शोधत होतो तो माणूस मीच होतो.

सव्वाचारला चौकीवर. चौकीवाल्याने वहीचं पान काढलं, कॅशियरने पिशव्या उलट्या केल्या. सगळे कप्पे, बाजूचेसुद्धा. थप्प्या लावल्या, मोजलं, पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "चोवीस."

चौकीवाल्याने वहीत बघितलं. "तेवीस गेल्यात."

"एक जास्त आहे," मी म्हटलं, आणि घसा साफ केला. हा क्षण मी उतरताना साधारण साठ वेळा मनात घोळवला होता. "वर देवळाशी एक पाकीट पडलं होतं. आम्ही उचलून आणलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. "साहेब, जास्त भरलं की समदे ह्येच सांगत्यात. जाताना एक दडवलेलं असतंय."

मी वेफर्सचं पाकीट उचलून दाखवलं, उडालेला रंग दाखवला, भाच्याला साक्षीला उभं केलं. मामाच्या बाजूची साक्ष किती धरायची हे चौकीवाल्याला कळत होतं. "कमी भरलं तर काय करायचं ते लिवलंय," तो म्हणाला. "जास्तीचं कायबी लिवलेलं न्हाय." खालून बोटवाल्याने हाक मारली. चौकीवाल्याने सुस्कारा टाकला, '23 आत, 23 बाहेर' असं लिहिलं, अनामत परत दिली आणि चोविसावं पाकीट त्याच्या कचऱ्याच्या पिंपात टाकलं. बोटीत बसताना मला अन्याय झाल्याचं आणि मोठेपणा केल्याचं, अशी दोन्ही सुखं एकदम मिळत होती. आजोळाच्या जागेवरून बोट गेली तेव्हा अंधारायला आलं होतं.

घरी पोचलो. बायकोने पिशवी रिकामी करायला घेतली, पिशव्या धुवायला काढल्या, दोरीवर वाळत घातल्या. मग तिने विचारलं, "बाजूच्या कप्प्यात आवळासुपारीची पुडी ठेवली होती. मिळाली का? ऐनवेळी कोंबली, तुम्हाला सांगायची राहिली."

"मिळाली. छान होती," मी म्हटलं, आणि जेवायला बसलो. दुसऱ्या घासाला हात थांबला.

चौकीवर 23 सांगितले. पुडी न सांगितलेली, म्हणजे 24. वेफर्सचं पाकीट उचललेलं, म्हणजे 25. खाली भरले 24, त्यात ती रिकामी पुडी होती, मी डोळ्यांनी पाहिली. कॅशियरला फोन केला. त्याने एक मिनिट घेतलं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, माझ्या चढावरच्या श्वासासारखा. "चिक्की," तो म्हणाला. "तीन पाकिटं गेली. थप्पीत दोनच होती. एकूण जुळत होतं म्हणून मी तपशील बघितला नाही." मग थोड्या वेळाने, "मी रांगा मोजायला उठलो तेव्हा हात काढला."

तर या हिवाळ्यात कोणी वासोट्याला जाणार असाल तर महादेवाच्या देवळाच्या आसपास, विशेषतः माचीच्या बाजूला, जरा नजर ठेवा. शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट आहे, पारदर्शक, एक कोपरा दाताने फाडलेला. सापडलं तर खाली घेऊन या. मात्र चौकीवर जाताना आधीच एक नग वाढवून सांगा.